कणगीकडे जाणारे ठसे

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला बेलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी एका आगरी कुटुंबाने मला घरामागची खोली राहायला दिली. घरात काका आणि काकी दोघेच. नव्या शहरासाठी शेतांची मोजणी होऊन गेली होती, ती कसण्याची ही शेवटचीच वर्षे. बैल आधीच विकले होते, त्यामुळे परड्यातल्या उंच माचावर रचलेला पेंढा तसाच पडून असे.

मार्गशीर्ष आला की काकी दर बुधवारी संध्याकाळी अंगण सारवायच्या. गुरुवारच्या पूजेसाठी तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावले काढायच्या, फाटकापासून थेट उंबऱ्यापर्यंत. त्या वर्षी पहिल्याच गुरुवारी सकाळी त्या पावलांच्या बाजूने आणखी एक रांग उमटलेली दिसली. ओल्या सारवणात स्पष्ट, गोल, चार बोटांची. आदल्या दिवसापासून काकींची तांबडी कोंबडीही दिसत नव्हती.

कॉलेजात आमच्या सरांनी आम्हाला ओढ्याकाठी नेऊन जनावरांचे ठसे ओळखायला शिकवले होते. ते ज्ञान कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. मी आनंदाने खाली बसलो आणि म्हणालो, "काका, नखं उमटलेली नाहीत. म्हणजे कुत्रा किंवा कोल्हा नाही, मांजराच्या जातीचं आहे. घरच्या मांजरापेक्षा मोठं. रानमांजर असणार."

"मांजर हाय ते माज्या डोल्यांना पन दिसतंय, गुरुजी," काका म्हणाले. "त्याच्यासाठी कालेज कशाला?"

काकी हसल्या, पण त्यांचे डोळे खुराड्याकडे होते. ती तांबडी त्यांनी पिल्लू असल्यापासून हाताने कण्या चारून वाढवली होती.

काकांनी त्याच दिवशी तारेचा फास करून ठेवला. लावला मात्र नाही. मार्गशीर्षात त्या घरात मासळी शिजत नसे, कोंबडी कापत नसत आणि जीवही मारत नसत. काकी म्हणाल्या, "लक्षुमीच्या पावलावरून आलंय ते. महिना सरू दे."

"सरू दे," काका म्हणाले. "मंग बगतो."

म्हणजे त्या जनावराला महिनाभराची मुदत मिळाली होती, आणि त्याची बाजू मांडायला मलाही. मी रोज सकाळी काकींच्या झाडूच्या आधी उठून अंगण बघू लागलो. ते कुंपणाच्या फटीतून आत येई, भिंतीला धरून चाले आणि भाताच्या कणगीजवळ थांबे. तिथे ठसे एकमेकांवर पडलेले असत, दबा धरून बसल्यासारखे. एकदा उंदराची शेपटी तेवढी उरलेली सापडली. खुराड्याच्या बाजूला मात्र एकही ठसा गेलेला नव्हता.

हे मी काकांना दाखवले. ते विडी पेटवत म्हणाले, "मंग कोंबरी काय इमानात बसून गेली?"

शेवटच्या गुरुवारी तर पंचाईतच झाली. ठसे कणगीपासून परड्यात गेले होते, आणि पेंढ्याच्या माचाखाली ते आले-गेल्याच्या खुणा होत्या. काकांनी मान हलवली. "हितंच राहतंय. हितंच खाल्ली त्यानी तिला." ठसे तर तेच सांगत होते.

अमावास्या उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका फास घेऊन परड्यात गेले. मी मागोमाग गेलो, थांबवायला नव्हे, कारण थांबवायला माझ्याकडे कारणच उरले नव्हते. मांजराला वर चढायला वाट आहे का ते बघायला काका शिडी लावून माचावर चढले आणि त्यांनी पेंढ्यात हात घातला.

"मेलो," एवढेच ते म्हणाले, आणि हात झटकन मागे घेतला. मनगटाजवळ रक्त आले होते. पेंढ्यातून पिसे फुलवलेली तांबडी बाहेर आली. तिच्या पंखांखालून दोन चोची डोकावत होत्या.

ती आधीपासून तिथेच लपून अंडी घालत असावी, आणि मग ती उबवायला तिथेच खुडूक बसली. मांजर येई ते पेंढ्यातल्या उंदरांसाठी. मात्र वरची कोंबडी त्याला कशी सापडली नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

काकी शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. "बांधा आता फास," त्या म्हणाल्या. "कोनाला बांधता?"

काकांनी पिल्ले एकेक करून टोपलीत उतरवली. दुपारी आम्ही दोघांनी खुराड्याच्या दाराला नव्या बांबूच्या पट्ट्या मारल्या. मी पट्ट्या धरत होतो, ते खिळे ठोकत होते. काम संपत आल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंदीर खातंय तवर खाऊ दे. पन एक पिल्लू गेलं, तर तुमचं काय आयकनार नाय, गुरुजी."

पुढच्याच आठवड्यात एक पिल्लू गेले. मी शाळेत होतो. परतलो तर काका ओट्यावर बसलेले. त्यांनी मला बसायला सांगितले आणि वर बोट केले. "घार होती," ते म्हणाले. "भर दुपारी. माज्या डोल्यांनी बगितली."

मग शेजारचे एकजण पिल्लाबद्दल विचारायला आले तेव्हा माझ्या आधी त्यांनीच सांगितले, की मांजराचा त्यात काही संबंध नाही.