पाखराची सही

आम्ही तिघं कुठंही भेटलो, की चहा गाळून होईपर्यंत फीडरचा विषय निघतोच. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि पहिला अर्धवट राहतो. कॅनडातल्या सस्काटूनच्या कॉलेजात दोन वर्षं मेकॅनिकल शिकलो, त्यातलं डोक्यात फारसं उरलेलं नाही. पण पाखरांना दाणे घालायचं एक मोटरवालं यंत्र बनवताना जे काय झालं, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू.

तिघं म्हणजे नाशिकचा पम्या, अमरावतीची ऋतुजा आणि साताऱ्याचा मी.

*

शेवटच्या टर्मला प्रोजेक्ट निवडायचा होता. बाकीच्या ग्रुपनी कन्व्हेयर, ड्रोन, धान्य चाळायचं मशीन असे भारदस्त विषय घेतले. पम्यानं आम्हाला न विचारता हात वर करून बर्ड फीडर सांगून टाकला. बाहेर आल्यावर ऋतुजानं त्याला धारेवर धरलं, तर हा म्हणतो, "अगं, पाखरांना दाणे टाकायला काय इंजिनीअरिंग लागतं? एक मोटर लावू आणि पास होऊ."

आमचे इन्स्ट्रक्टर डग. ते सारखं म्हणायचे, मला नुसतं डग म्हणा. आमच्या जिभेला ते जमेना, म्हणून त्यांचे डग सर झाले. त्यांनी विषय लगेच अप्रूव्ह केला. अट एकच. प्रत्येक ग्रुपला आपल्या गिऱ्हाइकाची सही आणायची होती आणि आमचं गिऱ्हाईक होतं पाखरू! मोटर चालू असताना खरंखुरं पाखरू सरांच्या डोळ्यांसमोर येऊन खाईल, तीच सही. नाही आलं तर प्रोजेक्ट इन्कम्प्लीट आणि टर्म पुन्हा.

पम्याचं आणि माझं एक वेळ निभावलं असतं. पण ऋतुजाला शेतीच्या अवजारांच्या वर्कशॉपमध्ये जॉब लागला होता आणि मे महिन्यात डिप्लोमा हातात असेल तरच तो तिचा होता. त्या दिवशी ती पम्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

*

आम्ही दोघं ओल्गाआजींच्या बेसमेंटमध्ये राहायचो, ऋतुजा वरच्या खोलीत. आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे मिस्टर, वॉल्टर, आदल्या उन्हाळ्यात गेले होते. मागच्या अंगणात वॉल्टरनी रोवलेला एक खांब होता, त्यावर त्यांनीच बनवलेला लाकडी फीडर असायचा. तो कुजून पडला आणि पाखरं अंगणात फिरकेनाशी झाली. म्हणूनच आमच्या यंत्राला तो खांब मिळाला. "बघा, येतात का," एवढंच आजी म्हणाल्या.

पुढच्या ड्राइव्हवेवर वॉल्टरची मासेमारीची बोट ट्रेलरवर उभी होती. आजींच्या कॅलगरीला राहणाऱ्या मुलीनं एका फळीवर 'फॉर सेल' रंगवून ती बोटीला ठोकली होती. बोट गेली की ती जागा पम्याच्या सेकंडहँड कारला मिळणार होती. तोवर कार रस्त्यावर, आणि बर्फ कडेला ढकलणारा स्नोप्लाऊ येऊन गेला की बर्फाखाली. त्यामुळे बोट विकायची घाई आजींपेक्षा पम्यालाच.

एकदा एक गृहस्थ आले. पम्या जॅकेट न घालताच धावला आणि ज्या बोटीत आयुष्यात बसला नाही तिची अशी काही तारीफ केली, की ते गृहस्थ आताच घेऊन जातो म्हणाले. तेवढ्यात आजी बाहेर आल्या.

"ती डावीकडे ओढते," आजी त्यांना म्हणाल्या. "आणि तुझं ती ऐकणार नाही."

गृहस्थ गेले. पम्यानं रडवेल्या तोंडानं विचारलं, आजी, असं का सांगितलंत? तर त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाला खरं सांगायला नको का? अशी खरं सांगून सांगून त्यांनी हिवाळाभर गिऱ्हाइकं पळवून लावली.

*

आमच्या फीडरची आयडिया साधी होती. वर दाण्यांचा डबा, खाली भोकं पाडलेली थाळी. मोटर थाळी सावकाश फिरवणार आणि थोडे थोडे दाणे खालच्या ताटलीत पडणार. मोटर आणली भंगारातल्या कारच्या वायपरची. सावकाश फिरवायचं काम माझ्याकडे होतं. मी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि थाळी अशी काही सुटली, की डब्यातले सगळे सूर्यफुलाचे दाणे आजींच्या किचनच्या खिडकीवर जाऊन आदळले. आजी आतून ओरडल्या, गारा पडतायत, घरात या!

पम्या अंगावरचे दाणे झटकत म्हणाला, "रेंज चांगली आहे."

*

पाखरं येईनात, पण एक खार मात्र रोज यायची. तिला हुसकवायला आम्ही एक जादा बटण बसवलं. खार थाळीवर चढली की ते दाबायचं, थाळी जोरात फिरणार आणि खार लांब बर्फात पडणार. पडली की. उठली, अंग झटकलं आणि धावत येऊन परत थाळीवर बसली. आम्ही परत फिरवलं. ती परत आली. पुढं पुढं तर चढून बसायची आणि फिरवत का नाही म्हणून आमच्याकडे बघत राहायची. आजींनी खिडकीशी खुर्चीच ओढून घेतली. म्हणाल्या, वॉल्टर गेल्यावर पहिल्यांदाच इतकं हसले.

बिचाऱ्या ऋतुजाला याचा रिपोर्ट लिहायचा होता. तिनं लिहिलं, "सध्याचा ग्राहक अत्यंत समाधानी आहे, परंतु तो पक्षी नाही."

*

ज्वारीचा किस्सा पम्याला आवडत नाही, म्हणून तो सांगायलाच हवा.

इंडियन ग्रोसरीत त्या महिन्यात ज्वारीचं पीठ येत नव्हतं. भाकरीवाचून पम्याचा जीव कासावीस झालेला. त्यात आम्ही पाखरांच्या खाद्याची पिशवी फोडली, तर आत राळ्याबरोबर लाल ज्वारी! पम्यानं ती एकेक दाणा करून निवडली, मिक्सरमधून काढली आणि भाकरी थापली. तव्यावर पडली तशी तिची रांगोळी झाली. तरी खाल्ली. नंतर ऋतुजानं पिशवीवरची सूचना मोठ्यानं वाचून दाखवली, की हे माणसांच्या खाण्यासाठी नाही. पम्या म्हणाला, हे आधी वाचायला काय झालं होतं?

पण खरी गंमत दुकानात. पम्या पोतंभर खाद्य घेऊन काउंटरला उभा होता. तिथल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, खूप पक्षी येतात का तुमच्याकडे?

पम्यानं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तीन."

*

पहिल्या डेमोला डग सर आले आणि सकाळभर अंगणात उभे राहिले. त्या दिवशी खारही आली नाही. शेवटी एक मॅगपाय कुंपणावर येऊन बसला. मॅगपाय म्हणजे कावळ्याचाच चुलतभाऊ, शेपूट लांब आणि अंगात पांढरा शर्ट. त्यानं फीडरकडे नीट बघितलं, मोटर किर्र वाजली आणि तो उडून गेला.

सर वाईट बोलले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, की दाण्यात बर्फ पडतोय, याला छप्पर पाहिजे. आणि पुढच्या आठवड्यात मी आणखी एकदा येईन, त्यानंतर मला मार्क्स भरावेच लागतील. ते गेल्यावर ऋतुजा फीडरपाशी बराच वेळ उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

*

दुसऱ्या डेमोच्या दिवशी ऊन होतं, पण थंडी मी म्हणत होती. सर क्लिपबोर्ड घेऊन उभे. मोटर चालू. तोच मॅगपाय कुंपणावर. आम्ही श्वास रोखून बघतोय आणि तो जागचा हलत नाही. मान तिरकी करून फीडर बघतो, आम्हाला बघतो आणि बसून राहतो.

पम्या माझ्या कानाशी लागला. "अरे, हा शिवत नाहीये."

त्या एका शब्दानं दोघांच्याही डोक्यात एकच आलं. खांब वॉल्टरचा, अंगण वॉल्टरचं आणि समोर कावळ्याचा भाऊ. पम्यानं ग्लोव्ह्ज काढले, हात जोडले आणि कुंपणाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, ड्राइव्हवेवरचा बर्फ रोज शोव्हल करू. न सांगता."

मॅगपाय ढिम्म.

मीही हात जोडले. म्हटलं, बेसमेंटचं हीटिंग रात्री वाढवणार नाही. तरी ढिम्म. पम्या म्हणाला, आजींची ग्रोसरी आम्ही आणू. छे!

ऋतुजा तेवढ्यात खांबाखाली गुडघ्यावर बसलेली, हातात ग्रीसचा डबा. मी तिला म्हटलं, तूही काहीतरी बोल ना. तिनं वरही बघितलं नाही. "आमच्या घरी हे सगळं आजोबांनीच बंद केलं. तुम्ही बोला, मी गिअरला ग्रीस लावते."

"काय करताय हे?" आजी दारातून विचारत होत्या.

मग पम्यानं त्याच्या इंग्लिशमध्ये सांगितलं. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी भात ठेवतात. कावळा आला नाही, तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजतात. मग घरचे एकेक करून शब्द देतात. बरोबर शब्द दिला की कावळा शिवतो.

डग सरांनी क्लिपबोर्ड खाली घेतला. घरातल्या गाउनवर बूट चढवून आजी बर्फातून हळूहळू आमच्यापर्यंत आल्या. त्यांनी मॅगपायकडे बघितलं. मग घराच्या कडेनं दिसणाऱ्या ड्राइव्हवेकडे बघितलं.

"ऑल राइट, वॉल्टर," त्या म्हणाल्या. "नाही विकत."

मॅगपाय उतरला. ताटलीच्या काठावर बसला, मोटर फिरली, दाणे पडले आणि तो आमच्या देखत खात राहिला.

"ग्रीस," ऋतुजा खांबाखालून म्हणाली. आजही ती तेच म्हणते. पण तेव्हा ती ग्रीसच्या हातानं डोळे पुसत हसत होती.

पम्या मात्र ड्राइव्हवेच्या दिशेनं बघत होता. "पास झालो," तो म्हणाला, "पण माझं पार्किंग गेलं."

डग सरांनी टिक केली. मग त्याच पेनानं छपराचा रकाना दाखवला. तो अजून रिकामा होता.

आजी पुढच्या अंगणात निघून गेल्या होत्या. तिकडून हातोडीचे दोन-चार ठोके ऐकू आले. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती फळी होती. ती त्यांनी पम्याच्या हातात दिली आणि फीडरकडे मान हलवली.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर फोटो आहे. मॅगपाय खातोय, आणि त्याच्या डोक्यावर छपरावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय, 'फॉर सेल'.