मुलाखतीआधीचा कलप

चौतिसाव्या वर्षी माझी कानशिलं पांढरी झाली आणि दोन वर्षांत भांगही. माहेरी सगळ्यांचं असंच, त्यामुळे घरी त्याचं कोणाला काही वाटत नसे. शाळेत वाटत होतं, हे मला ऑफिसच्या दाराबाहेर उभं असताना कळलं.

मी राहायची पांढुर्ण्यात आणि शिकवायची सौंसरच्या एका खासगी मुलींच्या शाळेत. रोज सकाळची बस. तिथे मी कित्येक वर्षं तात्पुरती होते. उन्हाळा लागला की नोकरी संपायची, जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा नेमणूक. त्या वर्षी विज्ञानाची एक जागा कायम झाली. उमेदवार दोघी होतो, मी आणि रामाकोन्याची नुकतीच बी.एड. झालेली एक मुलगी. जागा तिला गेली असती तर माझं तात्पुरतं कामही गेलं असतं, आणि माझ्या वयाला दुसरीकडे अर्ज चालत नव्हता.

संस्थेचे अध्यक्ष आत मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, म्हणत होते, "बाई हुशार हायेत, पण थकल्या आता. डोकं पाहा त्यांचं. किती वर्षं ओढतीन?"

मी रडत बसणाऱ्यांतली नाही, कामं लावणाऱ्यांतली आहे. मुलाखत सोमवारी. साडी शुक्रवारी खळ घालून वाळवायची. शनिवारी शाळा अर्धी, तेव्हा परतताना ओळखीच्या नसलेल्या दुकानातून कलपाची पुडी. दुपारी सासूबाई झोपल्या की न्हाणीघर. रविवारी प्रमाणपत्रं लावून ठेवायची आणि डोकं शांत. हे रेल्वेत, आमल्याला ड्यूटीवर होते, म्हणजे विचारणारं कोणी नव्हतं. पुडीवर बारीक हिंदीत लिहिलं होतं, आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा. मुलींना प्रयोगाआधी सूचना मोठ्याने वाचायला लावणारी मी. ती ओळ मी वाचली, दोन दिवस कुठेच बसत नव्हते, म्हणून पुढची ओळ वाचली.

करवंटीत पूड कालवली, जुन्या दातांच्या ब्रशने लावली, मोरीतून काळं पाणी जाऊ दिलं. आरशातली बाई मला आवडली. संध्याकाळपर्यंत आवडली. मग टाळूला खाज सुटली.

सकाळी उठले तर पापण्या उघडेनात. कपाळ फुगून भुवयांवर आलं होतं, कान गरम, केसांच्या कडेने चिकट पाणी पाझरत होतं. चाचपडत स्वयंपाकघरात गेले.

"बाई व, तोंडाले काय झालं तुह्या?" सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काही चावलं असेल."

"चावलं असतं त एका जागी सुजलं असतं."

त्यांनी भिंतीपलीकडून शेजारणीला हाक मारली. ती आली, आणि तिची दोन पावलं मागे सरल्याचं ऐकू आलं. "उद्या मुलाखत हाय नं हिची? अन् आजच असं? काकू, हे साधं नाही. बाहेरचं हाय."

"त्या रामाकोन्याच्या पोरीनंच करून ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या जामसांवलीले नेतो तुले. मारुतीपुढं बसवतो." हे ऐकून शेजारीण लिंबू-मिरच्या आणायला घरी पळाली.

बाहेरचं झालेल्यांना तिथे आणतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत. काही जण दिवसच्या दिवस तिथे राहतात. म्हणजे मुलाखत गेली. पण खरं सांगितलं तरी गेली, कारण पांढरे केस लपवणारी बाई ही थकलेल्या बाईपेक्षा वाईट. गप्प राहिले तर कोणी मला हसणार नव्हतं, उलट कीवच करणार होतं, आणि दोष त्या मुलीवर जाणार होता. हे मला त्या सुजलेल्या डोक्यानेही स्पष्ट दिसलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

शेजारीण परतल्यावर मी दोघींना सांगितलं, "कोणी काही केलं नाही. मी कलप लावला."

"कलप?" शेजारीण म्हणाली. "आता या वयात कोणाले दाखवाले व?"

सासूबाईंनी खाली ठेवलेलं भांडं उचललं. मग म्हणाल्या, "मंग मारुती काय करन? डॉक्टर पाहा लागन."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. श्वास घ्यायला जड वाटतं का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. "पुन्हा लावाल तर गळा आतून सुजेल. मग माझ्यापर्यंत पोचाल याची खात्री नाही." तो दिवसभर मी उशीला टेकून आपलाच श्वास ऐकत बसले.

सोमवारी डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. पदर कपाळावर ओढून बस धरली. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर ती मुलगी आधीच बसली होती. मला पाहून उठून उभी राहिली.

"मॅडम, मी काही नाही केलं."

तेव्हा मला कळलं, बातमी कशी पोचली ते. शेजारणीचा दीर सौंसरच्या गाडीवर कंडक्टर. ती लिंबू-मिरच्या घ्यायला घरी गेली तेव्हा तो निघतच असणार.

"काल बाजारात बायका आईले विचारत होत्या," ती म्हणाली. "आई घरी रडून राहिली."

"मला माहीत आहे. आत सांगते मी."

आत मी पदर खाली घेतला. एक सदस्य खुर्चीत मागे सरकले. मी सगळं क्रमाने सांगितलं: पुडी, न वाचल्यासारखी केलेली सूचना, डॉक्टर. त्या मुलीचा यात काही संबंध नाही, हे दोनदा सांगितलं.

"पण बाई, कलप लावायची गरजच काय होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपण त्या दिवशी माझ्या डोक्याबद्दल बोललात. मी दाराबाहेर होते."

त्यांनी माझी प्रमाणपत्रं पुन्हा चाळली. मोठ्या बाईंनी मला भिंग आणि प्रतिमेबद्दल विचारलं, मी उत्तर दिलं.

जागा मला मिळाली. हुकूम हातात देताना मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "तुमचा अनुभव तर होताच. पण अध्यक्ष म्हणाले, मुलींची शाळा आहे, जिच्याबद्दल असली चर्चा झाली ती पोरगी नको."

"मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलं. ऐकलं त्यांनी."

मी हुकूम परत केला नाही. जुलैत रुजू झाले. तोवर कातडी सोलून निघाली होती, केस झडले होते आणि मुळांशी बोटभर पांढरे आले होते. माझ्या डोक्याबद्दल त्यानंतर शाळेत कोणी बोललं नाही. फक्त पालक-सभेला काही आया माझ्याशी बोलताना आपल्या मुलीचा हात धरून तिला मागे घेत. कलप लावल्याचं त्यांनीही ऐकलं होतं. माझं तोंड सुजायला त्यांना तेवढं कारण पुरेसं वाटलं नव्हतं.