जनरलसाहेबांचा खिळा

बस गॅरेजच्या टाइम ऑफिसात एका भिंतीवर गॅरेजप्रमुखांचे फोटो ओळीने लावलेले होते. पहिला फोटो कल्लेदार मिशांच्या गृहस्थांचा. त्यांच्या काळात तिथे ट्राम ओढणारे घोडे बांधत, आणि ते स्वतःही, त्यांच्या चेहऱ्यावरून सांगायचं तर, चंदी वेळेवर मिळत असल्यासारखे तृप्त दिसत. मग विजेच्या ट्रामच्या काळातले दोघे, मग बसच्या काळातले काही. शेवटच्या फोटोशेजारी नुसता एक खिळा होता. निवृत्तीला वर्षभर अवकाश असतानाच जनरलसाहेबांनी तो सुताराकडून, समोर उभं राहून, ठोकून घेतला होता. बसमध्ये जागा धरायला माणसं खिडकीतून रुमाल टाकतात, साहेबांनी खिळा टाकला.

जनरल हे अर्थातच त्यांच्या पाठीमागे घ्यायचं नाव. गॅरेजप्रमुखाला पितळी बटणांचा कोट देण्याची पद्धत ट्रामबरोबरच संपली होती, पण साहेबांनी तो शिंप्याकडून स्वखर्चाने शिवून घेतला. बटणं घासून लखलखीत ठेवण्याचं काम त्यांच्या बायकोकडे होतं. नाकापेक्षा मोती जड, असं ती पहिल्या दिवशी मनात म्हणाली, आणि पुढे दर आठवड्याला बटणं घासताना तिला ते पुन्हा पटत गेलं.

ती या माणसाला आतून-बाहेरून ओळखत होती. त्याचे वडील इथेच ट्रामचे कंडक्टर होते. एका चुलत्याच्या वशिल्याने हा गॅरेजच्या कचेरीत चिकटला आणि पुढची सगळी वर्षं, जो वरचा असेल त्याच्या डोक्यावर छत्री धरत वर चढला. पाऊस असो नसो. बस चालवायला तो कधी शिकला नाही. एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा डिझेलच्या पंपाला धडक बसली, आणि त्याचा ठपका पंपावर ठेवण्यात आला. पंप चुकीच्या जागी बसवलाय, असा लेखी शेरा त्याने मारला होता. पंप अजून तिथेच आहे आणि दुसऱ्या कुणालाही तो आडवा आलेला नाही.

त्यांचं क्वार्टर गॅरेजच्या कुंपणाला लागून होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं आवार दिसायचं. त्यामुळे बायकोला गॅरेज कसं चालतं हे ठाऊक होतं, जसं शेजारच्या घरात काय शिजतंय ते ठाऊक असतं तसं. संध्याकाळी गाड्या परतायच्या, पंपावर डिझेल भरायच्या, मग धुवायला जायच्या, मग खड्ड्यावर उभ्या राहायच्या आणि मेकॅनिक खाली उतरून त्यांची पोटं तपासायचे. शेवटी गाड्या आत, छपराखाली. खरी मेख इथे होती. छप्पर ट्रामच्या काळातलं, लोखंडी खांब एकमेकांना खेटून, आणि फाटक एकच. दोन खांबांच्या मधल्या बोळात गाड्या एकीमागे एक उभ्या राहायच्या, मागच्या गाडीला पुढचीला ओलांडून बाहेर पडता यायचं नाही. म्हणून सकाळी जी उशिरा निघणार ती आधी आत घालायची आणि जी सगळ्यात आधी निघणार ती सगळ्यात शेवटी, फाटकाच्या तोंडाशी लावायची. रोज लागणारा डबा कपाटात पुढे ठेवतात, यापेक्षा त्यात जास्त काही नव्हतं. पण साहेबांनी घरातलं कपाटही कधी उघडलं नव्हतं.

गाड्या लावायचं काम एका जुन्या ड्रायव्हरकडे होतं. आयुष्यभर मान मागे वळवून गाड्या रिव्हर्स घेतल्यामुळे त्याची मान एका अंगाला कायमची कलली होती, म्हणून सगळे त्याला वाकडे म्हणत. त्याने लावलेल्या गाड्या मात्र दोरीत ओवल्यासारख्या सरळ असत.

पहिली गाडी इस्पितळाकडे जायची. ती जुनी, खडखडाटी गाडी होती, पण सकाळपाळीच्या नर्सेस आणि सफाईवाल्या तिच्यावरच अवलंबून असत. त्या पोचल्याशिवाय रातपाळीच्या बायका घरी जाऊ शकत नसत. भिंतीवरच्या फोटोंचा नियमही याच गाडीवरून पडला होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही नव्हता. ज्याच्या कारकिर्दीत पहिली गाडी एकदाही चुकली नाही, त्याचाच फोटो लागायचा. एका प्रमुखाच्या वेळी फाटक गंजून अडकलं होतं, एकाच्या वेळी गोदामाला आग लागली होती. त्यांचा दोष असो वा नसो, ते दोघे भिंतीवर नाहीत.

जनरलसाहेबांच्या कारकिर्दीत गाडी कधी चुकली नव्हती, कारण त्यांनी कधी तिच्यात लक्ष घातलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा बसला की बीळ आपणच खणलं असं त्याला वाटू लागतं. साहेब पाहुण्यांना भिंत दाखवायचे आणि खिळ्यापाशी येऊन कोट सारखा करायचे.

निवृत्तीच्या आधी काही महिने गॅरेजला शंभर वर्षं झाल्याचा कार्यक्रम ठरला. वाहतूक मंडळाचे अध्यक्ष संध्याकाळी येणार होते. साहेबांच्या अंगात वारं शिरलं. खांब रंगवले, फाटक रंगवलं, आवारातल्या कुत्र्यालाही धुतलं. दुपारी त्यांनी वाकडेला हुकूम दिला, की नव्या गाड्या पुढे लावायच्या, जुनी खटारी मागे, अगदी भिंतीला. बायको खिडकीत भांडी पुसत होती, तिला सगळं ऐकू आलं.

"साहेब, मग पहिली गाडी निघणार कशी?" वाकडेने विचारलं.

"अध्यक्ष काय तुझी इस्पितळाची गाडी बघायला येतायत?"

"बघू देत की नवीन. पण कार्यक्रम झाला की फिरवून लावायला लागेल."

"लावशील. एवढं डोकं मलाही आहे."

मान आधीच कललेली असल्याने वाकडेने ती हलवली की नाही, हे कळलं नाही.

कार्यक्रम झाला. साहेबांनी नव्या गाड्यांच्या चाव्या टाइम ऑफिसातल्या फळ्यावरून काढून चकचकीत तबकात ठेवल्या होत्या. अध्यक्षांनी एका गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून हॉर्न वाजवला, तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते आलं नव्हतं. मग भाषण. त्यात त्यांनी गॅरेजच्या शंभर वर्षांतली पहिली शहाऐंशी झटपट उरकली आणि उरलेली स्वतःवर खर्च केली. शेवटी टाळ्यांच्या भरात जाहीर केलं की आज सगळ्या कर्मचाऱ्यांना लवकर सुट्टी.

लोक पांगत असताना वाकडे जवळ आला. साहेब अध्यक्षांना मोटारीपर्यंत पोचवायला निघाले होते. बायको मागेच होती.

"साहेब, चाव्या द्या. गाड्या फिरवून लावतो."

साहेबांनी अध्यक्षांकडे बघत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ते त्याच्यापासून चार हात लांब राहत.

"आज काम नाही. आज घरी जा, पोराबाळांत जेव. आमच्याकडे माणसं आधी, गाड्या नंतर." शेवटचं वाक्य अध्यक्षांसाठी होतं. अध्यक्ष तोवर मोटारीत बसून जांभई देत होते.

वाकडे घरी गेला. चाव्या परत फळ्यावर लागतील, पहाटे लवकर येऊन फिरवू, असा त्याने विचार केला. चुकलाच तो. इतकी वर्षं काम करूनही साहेबांना त्याने माणूस समजावं हीच त्याची चूक.

दुसऱ्या दिवशी बायकोला जाग आली ती शांततेने. रोज पहाटे इस्पितळाची गाडी सुरू झाली की मांडणीवरचे कप एकमेकांवर आपटून किणकिणायचे. आज कप गप्प होते. क्षणभर तिला वाटलं, आपले कान गेले. मग दारावर थाप पडली. बाहेर वाकडे आणि टाइमकीपर उभे होते.

"वहिनी, साहेबांना उठवा. चाव्या फळ्यावर नाहीत. काल कुठे ठेवल्या त्यांनी?"

साहेब झोपेत तोंड उघडं टाकून पडले होते. कालचं भाषण बहुधा तिथे अजून चालू होतं. तिने त्यांना हलवलं, तर ते कुशीवर वळून म्हणाले, "टाळ्या थांबू देत." तिने नाद सोडला. कोट हँगरवर होता, धूळ बसू नये म्हणून वर चादर घातलेली. खिशात हात घालताच जुडगा हाताला लागला. तिने तो दारातूनच वाकडेच्या ओंजळीत टाकला.

एकेक नवी गाडी फाटकाबाहेर काढत, रस्त्याकडेला लावत, शेवटी भिंतीजवळची जुनी गाडी बाहेर आली तेव्हा छपराच्या पत्र्यावर ऊन पडलं होतं. नर्सेस पायी निघून गेल्या होत्या. एक म्हातारी सफाईवाली तेवढी स्टॉपवर बसून राहिली, कारण तिचे गुडघे चालू देत नव्हते. साहेब दाढी करून, कोट घालून आवारात उतरले आणि गाड्यांना हातवारे करू लागले. ड्रायव्हर त्यांना वळसा घालून जात होते, पंपाला घालतात तसा.

मुख्य कार्यालयाने चौकशी लावली. आदल्या दिवसापासून साहेब आरशासमोर उत्तरं घोकत होते.

"त्या वाकड्याला मी बजावलं होतं, कार्यक्रमानंतर फिरवून लाव म्हणून. चाव्या त्याच्याकडेच होत्या. तो विसरला. असं सांगायचं."

"आणि त्याचं काय होईल?" बायकोने विचारलं.

"काय व्हायचंय? काढतील. गाड्या काय, त्याला कुठेही लावता येतील. माझा फोटो एकदाच लागणार आहे." मग त्यांनी तिच्याकडे वळून म्हटलं, "तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं काही कळत नाही."

"खरं आहे," ती म्हणाली. "मला फक्त कपाट लावायचं कळतं."

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. गरम चहा पाजला की चौकशी थंड पडते, असा साहेबांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी बाईंना कचेरीतून थेट घरी आणलं आणि चांगल्या कपांची फर्माईश केली. ते पहाटे किणकिणणारे तेच कप होते. बायको ट्रे घेऊन आली तेव्हा साहेब कोचाच्या कडेला बसून आवाजात दुःख आणून बोलत होते.

"जुना माणूस आहे हो. मला फार वाईट वाटतं. पण चाव्या त्याच्या ताब्यात होत्या, मी काय करणार?"

बायकोने बाईंसमोर कप ठेवला, साखर पुढे केली.

"चाव्या यांच्या कोटात होत्या," ती म्हणाली. "सकाळी मीच काढून दिल्या. वाकडे आदल्या संध्याकाळी मागायला आला होता, तर यांनी त्याला घरी जेवायला पाठवलं. अध्यक्षसाहेबही तिथेच होते, विचारून बघा. बिस्किटं घ्या ना, मऊ पडतील."

बाईंनी बिस्किट घेतलं. पेन काढलं. साहेबांनी बायकोकडे बघितलं, कोटाच्या बटणांकडे बघितलं, आणि मग कशाकडेच बघितलं नाही.

त्यानंतर ते कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ते दिवस घरात फार छान गेले.

शिक्षा अशी काही झाली नाही. त्यांच्या छत्रीखाली उभं राहिलेल्या वरिष्ठांना थोडी लाज असते. साहेब ठरल्या दिवशी निवृत्त झाले, हार पडला, कुणीतरी दोन शब्द बोललं आणि ते खरोखर दोनच होते. फोटो मात्र लागला नाही. तो आधीच काढून, सोनेरी चौकटीत बसवून तयार होता. साहेबांनी तो नव्या घरी जेवणाच्या टेबलासमोर लावला. बायकोने दुसऱ्याच दिवसापासून आपली खुर्ची फिरवून घेतली, त्यामुळे तिच्या पाठीला तो दिसतो.

टाइम ऑफिसातल्या खिळ्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला नाही. पहिल्या गाडीची चावी आता फळ्यावर इतर चाव्यांत ठेवत नाहीत. संध्याकाळी गाडी फाटकाच्या तोंडाशी लागली, की वाकडे ती चावी त्या खिळ्यावर अडकवतो. नवे प्रमुख त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि ते बरंच आहे.

नव्या घराखाली बसचा स्टॉप आहे. साहेब सकाळी कोट घालून तिथे जाऊन उभे राहतात. कोटाची बटणं आता काळवंडली आहेत, कारण बायकोने घासणं सोडलं. बस आली की ते दारात पाय ठेवून ड्रायव्हरला विचारतात, कुठल्या गॅरेजची गाडी, आज वेळेवर निघाली का, मी कोण आहे ठाऊक आहे का. एकदा ती भाजी घेऊन त्याच बसमधून परत आली आणि तिने ते पुढच्या सीटवरून पाहिलं. मागच्या बाकावरच्या बायका घड्याळं बघत होत्या. ड्रायव्हर पोरसवदा होता, पण शांत होता.

"आजोबा," तो म्हणाला, "चढायचं असेल तर चढा. नाहीतर पाय काढा. तुमच्यापायी गाडीला उशीर होतोय."

साहेबांनी पाय काढला. ती पिशवी सांभाळत त्यांच्या शेजारून खाली उतरली आणि घराकडे चालू लागली.