सुकटीचा वास

आज वाकडच्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडताच भाजलेल्या सुकटीचा वास आला आणि मोशीतली आमची भाड्याची खोली आठवली. घरमालकांनी माळ घातली होती. घरात मासळी शिजली तर खोली सोडावी लागेल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तरी एका गुरुवारी, आईच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी होती तेव्हा, मालक कीर्तनाला गेलेले पाहून आईनं सुकट तव्यावर टाकलीच. खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. मी परीक्षेसाठी मोठ्यानं घोकत होते, "स्थायूचे कण जागच्या जागी थरथरतात, द्रवाचे एकमेकांवरून सरकतात, वायूचे कण मिळेल ती सगळी जागा व्यापतात." "तुझ्या कणांना म्हणावं, आज घरातच बसा," आई म्हणाली, तेवढ्यात दार वाजलं. आईचा चेहरा उतरला. मी दार उघडलं तर मालकीणबाई उभ्या, पदराखाली रिकामी वाटी. "वास पार खाली आलाय," त्या हळूच म्हणाल्या, "आन् माळ ह्यांनी घातलीय, म्या न्हाई." आई पोट धरून हसली. आज मीही घरातून एक वाटी घेतली आणि त्या वासामागं एकेक मजला चढत निघाले.