भिंतीवरचा पाळणा

आमचे हे ढेकूण मारायचे. माझं लग्न ठरत असताना मुलगा काय करतो हे सांगायची वेळ आली की माझे वडील अडखळायचे. "औषधांच्या लाइनीत आहे," म्हणायचे, आणि समोरच्याला डॉक्टर वाटला तर वाटू द्यायचे. पुढे सत्तरच्या दशकात सरकारने या धंद्याला परवाना सक्तीचा केला. तो मिळाल्यावर यांनी काचेची चौकट करून देवाच्या फोटोशेजारी टांगला. आता हळदकुंकूही वाहा, असं मी म्हणाले, तर रागावले.

हिंगण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून या धंद्यात उडी घेतली होती, त्यामुळे जाहिरात तर हवीच. गांधीबागेत एका कापडाच्या दुकानाची बाजूची भिंत मिळाली. वर मोठ्या अक्षरांत 'सरकारमान्य'. मध्ये एक खाट, तिच्याखाली उताणे पडलेले ढेकूण, आणि खाटेला लागून पाळण्यात झोपलेली आमची पोरगी. पेंटर घरी येऊन तिला बघून गेला होता, गालावरची खळीसुद्धा त्याने सोडली नाही. खाली ओळ होती, 'लेकराबाळांना पूर्ण निर्धोक'. मला ती भिंत फार आवडायची. बाजारात गेले की मुद्दाम वळसा घालून तिथून यायचे.

घरात मात्र निराळा कायदा. सक्करदऱ्याला आमच्या दोन खोल्या होत्या. हे कामावरून आले की अंगणातल्या नळावर आधी आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, आणि मगच पोरीला उचलायचं. औषधाचा एक थेंब त्यांनी कधी आमच्या घरात फवारला नाही. ढेकूण झाले की मी खाटांवर उकळतं पाणी ओतायचे आणि खाटा उन्हात टाकायचे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. भिंतीवरची ओळ आणि नळावरची आंघोळ, दोन्ही गोष्टी आमच्या संसारात सुखाने नांदत होत्या.

मग एक दिवस कृषी खात्याचे निरीक्षक आले. माणूस सभ्य होता. चहा घेतला, पोरीशी दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "विषाला निर्धोक म्हणता येत नाही. ती ओळ काढा. 'सरकारमान्य'ही काढा. सरकारने तुम्हाला परवाना दिलाय, तुमची शिफारस केलेली नाही."

यांचं डोकं फिरलं. "बिनलायसनवाले पाहिजे ते रंगवून राहिले, अन् नियम फक्त मलेच?" त्यात खोटं काही नव्हतं. परवाना घेतलेल्याचा पत्ता सरकारकडे असतो, न घेतलेल्याला शोधत कोण फिरणार? शेवटी दोन्ही ओळी पुसल्या. चित्राचं काय, ते वर विचारून कळवतो, असं निरीक्षक म्हणाले. यांना तेवढं पुरलं. चित्र पाहूनच तर बायका नवऱ्यांना आमच्याकडे पाठवायच्या.

थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी हातमागावर काम करणाऱ्या घरातली एक बाई दारात आली. कडेवर बाळ, त्याच्या मानेवर ढेकूण चावल्याचे लाल चट्टे. घर म्हणजे एकच खोली, तिच्यातच माग. वाचता येत नव्हतं, पण भिंत तिने पाहिली होती.

"बाळाले कुठं न्यायची गरज नाही ना वं बाई?" तिने मला विचारलं. "चित्रातली पोरगी तं तिथंच झोपून राहिली."

मी काही बोलणार, तेवढ्यात हे पाठीवर पंप घेऊन अंगणात आले. पोरगी धावली. "दूर हो! हात नको लावू!" हे असे ओरडले की ती जागच्या जागी रडायला लागली.

बाई बघत राहिली. "हीच ना चित्रातली? काहून हाकलून राहिले भाऊ पोरीले?"

यांनी पंप खाली ठेवला. 'माझा स्वभावच तापट' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला वाटलं, ते तसंच म्हणतील. त्यांनी त्या बाळाकडे पाहिलं.

"चित्र खोटं आहे बाई," ते म्हणाले. "माह्या अंगाले औषध लागून आहे. आंघोळ केल्याबिगर मी माह्या पोरीले शिवत नाही. तुमचं लेकरू तिथं झोपवू नका."

बाईने बाळाला घट्ट धरलं आणि ती निघून गेली.

सकाळी हे चुन्याची बादली घेऊन गांधीबागेत निघाले. "वरून उत्तर तरी येऊ द्या," मी म्हणाले.

"कालच आलं," म्हणाले.

पोरीच्या तोंडावर चुना फिरणार म्हणून मला रडू फुटलं. त्याच वेळी त्यांचा अभिमानही वाटला, पण तो मी दाखवला नाही.

हे परत आले तर दारात तीच बाई, बाळ आणि एक गाठोडं. "फवारा भाऊ. तुमी म्हनाल तवापर्यंत आमी इथंच राहतो." हे पंप घेऊन तिच्या घरी गेले. बाळाला मी आमच्या पोरीच्या पाळण्यात टाकलं. बाई खाटेवर बसली आणि लगेच उठली. खाटेच्या दोरीतून तिने एक चांगला पोसलेला ढेकूण काढून मला दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्या घरी औषध नाही मारत?"

"नाही."

तिने ढेकूण भुईवर टाकून टाचेखाली चिरडला. "मंग बसला भरोसा," म्हणाली, आणि पाळण्याला झोका देऊ लागली.