कमानीखालची जागा

बोईसरमधल्या आमच्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड येतं, पण दारात कमान आहे. बिल्डरने ती कुठल्यातरी इंग्रजी गढीच्या चित्रावरून करून घेतली असावी. दोन्ही बाजूंना खांब, वर कठडा, कठड्यावर मधोमध शेजारी-शेजारी सिमेंटचे दोन भलेमोठे कलश, आणि खाली संगमरवरी पाटीवर येणाऱ्याचं सोनेरी इंग्रजीत स्वागत. त्यात ‘यू’च्या जागी ‘दाउ’ हा जुना शब्द वापरलाय. मी सेक्रेटरींना म्हणालो, "हा शब्द आता कोणी वापरत नाही. वापरायचे तेव्हाही त्याचा अर्थ ‘तू’ असाच होता. आपण दारात आलेल्या प्रत्येकाला अरे-तुरे करतोय."

ते म्हणाले, "असू द्या सर. रॉयल वाटतं."

मी पालघरच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. रद्दीत मिळालेला वास्तुकलेचा एक जुना इंग्रजी कोश माझ्याकडे आहे. त्यात ‘मॅचिकोलेशन’ आहे, म्हणजे किल्ल्याच्या सज्ज्याच्या तळाला ठेवलेली भोकं. त्यातून खालच्या शत्रूवर उकळतं तेल ओतायचं. ‘बार्टिझन’ आहे, म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबणारा छोटा बुरूज. वस्तू गेल्या, शब्द राहिले, आणि ते माझ्यासारख्याच्या हाती पडले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. मी कमानीवर वीस मिनिटं बोललो. मधला पाचरीसारखा दगड म्हणजे ‘कीस्टोन’, त्याच्या दोन्ही अंगांचे ‘वूस्वार’. सगळे एकमेकांना रेटून धरतात, म्हणून भार पडेल तशी कमान घट्ट बसते. दुसऱ्यांच्या थाटावर हसायची मला जुनी सवय आहे. त्या दिवशी टाळ्या पडल्या तेव्हा ती सवय कुठे गेली होती, माहीत नाही.

ऐकणाऱ्यांत मुरबे गावची एक मासेवाली होती. ती रोज माशांची पाटी घेऊन यायची आणि गेटबाहेर उन्हात बसायची. गेली काही वर्षं आमच्या भागात अधूनमधून जमीन हादरते. भांडी वाजतात, लोक जिन्याने खाली धावतात आणि थोड्या वेळाने हसत परत वर जातात. ती हसत नसे. तिच्या डोळ्यांदेखत अशाच एका हादऱ्यात शेजारणीची भिंत कोसळली होती. तेव्हापासून ती पाटीपुढेही उकिडवीच बसायची, उठायला सोपं म्हणून.

भाषणानंतर तिने विचारलं, "मास्तर, म्हंजी ही पडायची नाय?"

"किल्ल्यांत बघा. भिंती गेल्या, तरी कमानी उभ्या आहेत."

"मंग मी हितंच बसते."

सेक्रेटरींनी वासाची तक्रार केली. मी तिच्या बाजूने भांडलो आणि जिंकलो. बरोबर कीस्टोनच्या खाली तिला जागा मिळाली. त्या दिवसापासून ती मांडी घालून बसायला लागली.

गणपतीच्या आधी कमान रंगवायला रंगारी आला. शिडीवर चढून त्याने कीस्टोनवर पत्र्याची पट्टी ठोकली. ढब असा आवाज आला.

"अंदर कुछ नहीं है, सर. थर्माकोल है, ऊपर जाली-प्लास्टर." मग मान वर करून त्याने कलश हलवून पाहिला. "ये असली है. लेकिन नीचे का सरिया गल गया है."

म्हणजे जे भरीव असायला हवं ते पोकळ होतं, आणि जे हलकं असलं तरी चाललं असतं ते दोन माणसांनाही उचलायचं नाही असं. आणि ते गंजलेल्या सळ्यांवर उभं होतं.

मी सेक्रेटरींना लेखी कळवलं. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ, असं उत्तर आलं. मासेवालीला मात्र सांगितलं नाही. रोज सकाळी वाक्य जुळवून खाली जायचो, कोलंबी घेऊन वर यायचो. मग दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून डावा कलश आणि तिचा अंबाडा यांच्यातलं अंतर बघत राहायचो. वीस मिनिटांचं भाषण एका वाक्यात मागे घ्यायचं होतं, आणि ते जमत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हातातली बशी वाजली. मग गॅलरीचा गज वाजू लागला. खाली मासे घ्यायला आलेल्या दोघी रस्त्याकडे पळाल्या, तशी ती ओरडली, "कुठं धावता गो? आत या, हिच्याखाली! मास्तरांनी सांगितलंय, ही पडत नाय!"

दोघी परत फिरल्या आणि तिच्या शेजारी डोकं धरून बसल्या.

नववीचा वर्ग गप्प करायच्या आवाजात मी ओरडलो, "बाहेर! बाहेर या!"

तिने हात वर केला. "भिऊ नका मास्तर! आमी बरोबर जाग्यावर हाव!"

तिच्या डोक्यावर डावा कलश डुलत होता.

मी अनवाणी जिन्याने धावलो. पोचलो तेव्हा जमीन थांबली होती. कलश पडला नव्हता, पण बुडाशी तडा जाऊन कडेकडे सरकला होता. मी पाटीची कड धरली आणि ओढत बाहेर नेली. मांदेली रस्त्यावर सांडली. तिघी मागोमाग आल्या.

"अवो, काय करता काय, मास्तर?"

"कमान खोटी आहे. आत थर्माकोल आहे. आणि तो कलश खरा आहे."

"कुनी सांगितलं?"

"रंगाऱ्याने."

"कवा?"

हा प्रश्न ती विचारेल, असं नऊ दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

"नऊ दिवस झाले."

तिने वर कलशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नऊ दिस मी ह्याच्याखाली बसते. आनि तुमी रोज माझ्याकडून कोलंबी नेता."

त्यानंतर दोन दिवस ती आली नाही. सेक्रेटरींनी कलशांना नायलॉनची दोरी बांधून घेतली आणि त्या दोरीला कमानीशी जुळणारा रंग दिला.

तिसऱ्या दिवशी ती रस्त्यापलीकडे छत्री लावून बसलेली दिसली. उकिडवी. मी पिशवी घेऊन निघालो. तिच्यापर्यंत जायचं तर कमानीखालूनच जावं लागतं. मी मान वर ठेवून, खांदे आक्रसून भरभर चालू लागलो. तिने ते पाहिलं.

"पळा मास्तर, पळा," ती म्हणाली.

ती हसत नव्हती. मी पळालो.