तळाचा साका

बिअर ग्लासात ओतताना काका शेवटची दोन बोटं बिअर बाटलीतच ठेवायचे, तिच्या तोंडावर तळहात धरायचे आणि बजावायचे, "साका माझा!"

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या आम्हा चार-पाच मराठी घरांचे ते काका. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचे आणि शनिवारी बेसमेंटमध्ये यीस्ट. दोन जातींची यीस्ट त्यांनी एकत्र नांदवली होती. एकीमुळे बिअरला पिकल्या केळ्याचा वास यायचा, दुसरीमुळे ती नितळ व्हायची. बाटल्यांच्या तळाशी बसलेल्या यीस्टचा साका घेऊन पुढची बिअर लावायची, की कधी ही माजायची, कधी ती. सहाव्या खेपेला मात्र दोघींचं जमलं.

"प्रमाण माझं नाही रे," काका सांगायचे. "दोघींनी आपापसात सेटल केलंय."

म्हणून वाटलेली प्रत्येक बाटली न धुता परत करायची, असा कडक नियम होता. तुम्ही-आम्ही विरजण राखतो, त्यातलाच प्रकार.

आणि नेमकी त्यांच्या फ्रिजमधल्या साक्याच्या बरणीला बुरशी आली. नियम असूनही बाकीच्यांनी बाटल्या केव्हाच फेकल्या होत्या. उरली फक्त आमच्याकडची. काकांचा फोन आला, "अरे, आत्ताच्या आत्ता ड्राइव्ह करून ये!" मी बायकोला म्हटलं, "मीना, काकांची बाटली काढून ठेव, अंघोळ करून आलोच."

मीना लग्न होऊन महिन्यापूर्वीच साताऱ्याहून आलेली. नियम तिला सांगायचा राहिला, हा गाढवपणा सर्वस्वी माझा. तिने बाटली गरम पाण्याने लख्ख धुतली. वडीलधाऱ्यांकडे रिकामं भांडं कसं न्यायचं, म्हणून तीत साखर भरली, रुमालात गुंडाळली आणि आम्ही पोचल्यावर स्वतःच काकांच्या हातात दिली.

काकांनी रुमाल सोडला, बाटली उजेडात धरली. त्यांचा चेहरा उतरला. बाटली त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "वा! बॉटलिंगला फेसासाठी साखर लागतेच मला."

खरं काय ते मीनाला नंतर आमच्या शेजारच्या एका काकूंकडून कळलं. ती खूप रडली आणि काकांच्या घरी जायचंच टाळू लागली.

काका पुन्हा पहिल्यापासून कामाला लागले. वर्षभर मला चाखायला बोलवायचे. स्वतः घोट घ्यायचे आणि मान हलवायचे, "बरी आहे. ती नव्हे."

एका शनिवारी मात्र बाटली घेऊन ते आमच्याच घरी आले. ओतली, घोट घेतला, डोळे मिटले.

"मीना, हीच ती! तुझ्या साखरेची करामत!"

मीना कितीतरी महिन्यांनी मोकळं हसली. मीही घोट घेतला. केळ्याचा वास नावालाही नव्हता. काका माझ्याकडे रोखून बघत होते.

"हीच ती," मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्यांनी शोध थांबवला. बोललेला शब्द राखायला शेवटपर्यंत तीच बिअर लावत राहिले, आणि आवडीने पीत राहिले. असा माणूस आम्हाला लाभला, याचं मला आजही सुख वाटतं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची शेवटची बाटली आमच्या फ्रिजमध्ये आहे, तळाशी दोन बोटं ठेवलेली. मीना फ्रिज साफ करताना ती बाहेर काढते, खालचा कप्पा घासूनपुसून घेते आणि बाटली न धुता जागच्या जागी ठेवते.